छोट्या जहाजाची सफर: कुठल्या बेटावर उतरायचं आणि कधी डेकवरच बसायचं

सफरीचं बुकिंग झालं की कंपनीकडून एक पीडीएफ येते. प्रत्येक दिवसापुढे दोन-तीन सहलींची नावं, प्रत्येकीचा झकास फोटो आणि खाली बारीक अक्षरात दर. आपल्याकडे ती लगेच घरच्या ग्रुपवर पडते. "एवढ्या लांब जातोय तर सगळंच बघूया की," असं टिळकवाडीतून एक जण लिहितो, निपाणीचे मेहुणे अंगठा दाखवतात आणि सकाळ-दुपार दोन्ही वेळच्या सहलींवर टिक पडते. तिसऱ्या दिवशी निम्मी मंडळी केबिनमध्ये पाय चेपत पडलेली असतात, आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

त्या पीडीएफवर टिक करायला बसण्याआधी हे वाचा. उदाहरणं मी मुख्यतः सेशेल्सची घेतोय. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या जरासं खाली असलेला हा ११५ बेटांचा देश. भारतीय पासपोर्टला तिथं व्हिसा लागत नाही, फक्त प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. मुंबईहून माहे या मुख्य बेटाला थेट विमान आहे, पण ते रोज नसतं. म्हणून आधी विमानाचा वार बघायचा आणि मग जहाजाची तारीख. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला जाणार असाल तर एक मुक्काम मुंबईत धराच. पावसानं किंवा धुक्यानं एक विमान चुकलं तरी जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही.

छोटं जहाज म्हणजे नेमकं काय वेगळं

हजारो प्रवाशांचं मोठं जहाज बंदराच्या धक्क्याला लागतं, खाली बसगाड्यांची रांग उभी असते आणि सहलींची यादी पाच-सहा पानांची असते. छोट्या जहाजावर वीस-पंचवीसपासून शंभर-दीडशेपर्यंत माणसं. ते बेटापासून थोडं लांब नांगर टाकतं आणि रबरी बोटीतून दहा-बारा जणांना एका वेळी किनाऱ्यावर सोडतं. जिथं धक्काच नाही अशा वाळूवर तुम्ही उतरता, सगळी मजा त्यात आहे. अडचणही त्यातच आहे.

पर्याय कमी असतात. एका सकाळी बहुधा एक सहल चालणाऱ्यांची आणि एक पाण्यात उतरणाऱ्यांची, बस. काही ठिकाणी तर निवड सरकारच करून ठेवतं: गालापागोस बेटांवर एका जहाजात १०० पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत, एका गाईडमागे १६ पेक्षा जास्त माणसं नसतात आणि गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही. इंडोनेशियातल्या कोमोडोलाही घोरपडीच्या त्या महाकाय भावंडांच्या बेटावर रेंजर सोबत असावाच लागतो. अशा जागी बहुतेक उतरणं भाड्यातच धरलेलं असतं, तेव्हा कुठली सहल घ्यायची हा प्रश्न फारसा उरत नाही. कुठल्या वेळी जहाजावरच थांबायचं एवढंच ठरवायचं असतं.

आणखी एक. पीडीएफमधला क्रम हा कप्तानाचा इरादा असतो, वचन नव्हे. लाट उठली की बेट बदलतं. त्यामुळे "बुधवारी अमुक बेटावर बाबांचा वाढदिवस" असले बेत करू नका.

पहिला प्रश्न: पाय कुठं पडणार?

सहलीचा फोटो सगळ्यात शेवटी बघा. आधी विचारा, उतरणं कोरडं की ओलं? जहाजावरची माणसं याला ड्राय लँडिंग आणि वेट लँडिंग म्हणतात. ड्राय म्हणजे जेटीवर किंवा खडकावर पाय. वेट म्हणजे गुडघाभर पाण्यात, कधी मांडीपर्यंत. पंचाहत्तरीच्या आजींना जंगलातली तासाभराची वाट झेपते, पण बोटीतून पाण्यात उतरणं झेपत नाही, असं पुष्कळदा होतं. सहल "सोपी" असं पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं ते वाटेबद्दल. उतरण्याबद्दल तिथं अवाक्षर नसतं.

हे उतरणं कसं असतं ते सविस्तर सांगतो, कारण नवख्यांची फजिती इथंच होते. रबरी बोट जहाजाच्या मागच्या पायरीला लागते. ती स्थिर नसते. लाटेबरोबर फूटभर वर, फूटभर खाली होत राहते. खलाशी हात पुढे करतो. नवा माणूस त्याचा पंजा पकडतो, आणि पंजा घामानं-पाण्यानं सटकतो. पंजा नव्हे, मनगटाच्या वरचा भाग धरायचा. त्यानं तुमचा, तुम्ही त्याचा. हातात पिशवी, मोबाईल, काठी काही नको, ते आधी दुसऱ्याकडे द्यायचं. बोट वर आली की एक पाय तिच्या फुगलेल्या कडेवर, दुसरा आत, आणि लगेच खाली बसायचं. उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला खलाशी ओरडतात, आणि बरंच करतात. वाळूवर उतरताना कडेवर बसल्या जागीच दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला फिरवायचे, लाट मागे सरेपर्यंत दम धरायचा आणि मग घसरत उतरायचं. लाट येताना उडी मारली तर ती मागून बोट तुमच्यावर ढकलते.

साडी नको. सलवारही भिजली की जड होते आणि पायात येते. गुडघ्यापर्यंतची पँट आणि मागे पट्टा असलेले सँडल बरे. साधी चप्पल पहिल्याच लाटेत वाहून जाते.

घरातल्या कुणाला हे जमेल का, ते आधी इथंच बघून घ्या. आंबोली घाट उतरून मालवणला जायचं, धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पकडायची. होडीत चढता-उतरताना आईचे गुडघे काय म्हणतात ते तिथंच कळतं. तारकर्लीला स्नॉर्कलिंग करून बघा: तोंडात नळी धरून नाकानं श्वास न घेता दहा मिनिटं राहवतं का? काहींचा जीव घाबरा होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ते परदेशात पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा मालवणात कळलेलं स्वस्त पडतं. चालण्याची परीक्षा त्याहून सोपी. राजहंसगडाचा चढ गाडी खाली ठेवून, सकाळी दहाच्या उन्हात चढून या.

लक्षद्वीपचा विचार करत असाल तर तिथंही हीच गोष्ट. कोचीहून निघणारं जहाज बेटाबाहेर खोल पाण्यात थांबतं आणि तुम्हाला हलत्या जहाजातून लहान बोटीत उतरावं लागतं. ती जहाजं छोटी नव्हेत, पण उतरण्याची रीत तीच. तिथं जायला भारतीयांनाही परवाना लागतो, आणि त्या वेळी जहाजाची सहल चालू आहे का हे आधी विचारून घ्यावं लागतं.

वारा आणि शाळेची सुट्टी

सेशेल्सला साधारण मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा वाहतो. पाऊस कमी, हवा गार, पण समुद्र खवळलेला. डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा, दमट हवा आणि पाऊस. मधले दोन तुकडे, एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, शांत पाण्याचे. तेव्हा पाणी स्वच्छ असतं, मासे दिसतात आणि बोटीतून उतरणंही सोपं जातं.

आपल्या भागात कर्नाटकच्या शाळांना एप्रिलमध्येच उन्हाळी सुट्टी लागते आणि ऑक्टोबरच्या सुमाराला दसऱ्याची. कोल्हापूर-सांगलीच्या भावंडांना एप्रिलचा मधला आठवडा गाठायला परीक्षा आडव्या येतात, तुम्हाला येत नाहीत. सीमाभागात राहण्याचे फायदे फार नाहीत, हा एक घ्या. मात्र जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर स्नॉर्कलिंगच्या सहली आगाऊ विकत घेऊ नका. जंगलाच्या आणि गावातल्या घ्या. पाण्यातलं तिथं गेल्यावर बघता येतं.

बेट बघून निवडा

प्रासलिन बेटावरचं व्हॅले द मे हे जंगल सोडू नका. १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि आकारानं वीस हेक्टरसुद्धा नाही. इथं कोको द मेर नावाचा माड वाढतो. निसर्गात तो फक्त प्रासलिन आणि शेजारच्या क्युरियूज बेटावर आढळतो. त्याचं बी हे वनस्पतिसृष्टीतलं सगळ्यात मोठं बी, वीस-पंचवीस किलोपर्यंत भरणारं. आपल्याला हे फळ अनोळखी नाही: साधू-बैराग्यांच्या हातातलं काळं, होडीच्या आकाराचं कमंडलू किंवा भिक्षापात्र पाहिलंय ना, ते याच दर्याई नारळाच्या करवंटीचं. सेशेल्सचा पत्ता कुणाला नव्हता तेव्हापासून ही फळं वाहत मालदीव आणि भारताच्या किनाऱ्याला लागत होती, आणि झाड कुठं आहे ते माहीत नसल्यानं समुद्राच्या तळाशीच ते वाढतं अशी समजूत होती. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. हे सगळं कळायला गाईड हवा, म्हणून इथं जहाजाची सहल घ्या. नुसतं तिकीट काढून फिरलात तर तुम्हाला मोठी पानं दिसतील आणि घामोळं येईल. काळा पोपटही इथलाच. तो बघायचा असेल तर सकाळची तुकडी मागा. वाटेवर पायऱ्या आणि ओले दगड आहेत, पण सावली भरपूर. गुडघे बरे असलेल्या ज्येष्ठांना जमतं, शिवाय प्रासलिनला जेटी आहे. तुमचं जहाज तिथं लागणार की बोट वाळूवर काढणार, एवढं विचारून घ्या.

क्युरियूजला महाकाय कासवं आहेत. ती मूळची अल्डाब्रा बेटाची, १९७८ ते १९८२ दरम्यान इथं आणून सोडलेली. मोकळी फिरतात, मान खाजवली की उभी राहतात. मुलांसाठी याहून चांगली सहल नाही. कासवांच्या किनाऱ्यापासून खारफुटीवरच्या लाकडी पुलावरून, टेकडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जाणारी वाट आहे. तिकडे जुन्या डॉक्टरांचं घर आहे, कारण एकोणिसाव्या शतकात या बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. वाट लांब नाही, पण मधल्या टेकडीवर ऊन रणरणतं. ज्यांना चालायचं नाही त्यांना बोटीनं थेट पलीकडे सोडतात का, हे विचारा. पुष्कळदा सोडतात, पण न विचारता सांगत नाहीत.

कुझँ हे पक्ष्यांचं राखीव बेट. १९६८ मध्ये एका छोट्या गाणाऱ्या पक्ष्याला वाचवण्यासाठी हे बेट विकत घेतलं गेलं, तेव्हा तो जगात तीसेकच उरला होता. आज हजारोंनी आहे. उंदीर किंवा किडा बेटावर जाऊ नये म्हणून तुमच्या जहाजाची बोट किनाऱ्याला लावू देत नाहीत. बेटाची स्वतःची बोट समुद्रात येऊन तुम्हाला घेते आणि लाटेवर वेग धरून सरळ वाळूत घुसते. भिजणं ठरलेलं. पाठदुखीवाल्यांनी हे टाळावं. भेटीची वेळ फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळची. तुमचं जहाज तिथं शनिवारी पोचत असेल तर पीडीएफमध्ये नाव असूनही उपयोग नाही, म्हणून कॅलेंडर समोर घेऊन बसा. पक्ष्यांत अजिबात रस नसेल तर मात्र हा पैसा वाया जातो. डोक्यावर शिटतात, डास चावतात आणि सगळा वेळ कुजबुजत चालायचं असतं. रस असेल तर सफरीतला हाच सगळ्यात भारी दिवस. ऑक्टोबरनंतर गेलात तर हॉक्सबिल कासवी अंडी घालायला भर दिवसा वाळूवर येते, तेही दिसू शकतं.

ला दीगला सहल विकत घेऊ नका. जेटीवर उतरताच भाड्याच्या सायकली उभ्या असतात. बेट छोटं, मोटारी मोजक्या, रस्ता सपाट. युनियन इस्टेटच्या फाटकावर प्रवेश फी भरून आत गेलं की व्हॅनिलाची बाग, खोबऱ्याचा जुना घाणा आणि पुढे पोस्टरवर दिसतो तो गुलाबी-करड्या शिळांचा किनारा, आन्स सूर्स दार्जां. हेच सगळं "गाईडेड हेरिटेज टूर" म्हणून विकतात. सायकल येत नसेल तरच ती घ्या. पाणी तिथं उथळ असतं, ओहोटीला तर पोहण्याजोगं उरतच नाही. भरतीची वेळ जहाजावरच विचारून निघा.

सेंट पिएर हा नुसता खडक आणि चार माड. तिथं उतरायचं नसतं, बोटीतून थेट पाण्यात. पोहता न येणाऱ्यांनी या सहलीचे पैसे भरले तर उन्हात बोटीत बसून दुसऱ्यांच्या पाठी बघाव्या लागतात.

एजंटला काय विचारायचं

फोनवर विचारलं की "सगळं होतं हो, काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळतं. लिहून पाठवा. असा मेसेज चालेल:

"नमस्कार. प्रत्येक सहलीसाठी कळवा: उतरणं कोरडं की ओलं? चालणं किती मिनिटं, पायऱ्या आहेत का? सावली आणि शौचालय आहे का? मधूनच परत यायचं झालं तर बोट मिळेल का? प्रवेश फी दरात धरली आहे का? कमीत कमी किती माणसं नसतील तर सहल रद्द होते? आमच्यात दोघं शाकाहारी आहेत, बेटावरच्या जेवणात त्यांना काय मिळेल?"

शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बेटावरचं जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला मासा. मासे खाणाऱ्यांची चंगळ, पण शाकाहाऱ्याच्या ताटात भात आणि कोबीची कोशिंबीर येते. आधी सांगितलं तर डाळीचं काहीतरी करतात. सेशेल्समध्ये मसूर आणि नारळाच्या दुधातली आमटी घरोघरी होते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवलेली बरी, पण ती जहाजावरच खायची. राखीव बेटांवर बाहेरचं खाणं आणि बिया नेऊ देत नाहीत.

आगाऊ किती घ्यायचं

ज्यात जागा मोजक्या आहेत तेवढंच घरून बुक करा: कुझँ, स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात बुडी मारणं), खासगी बोट. बाकीचं जहाजावर गेल्यावर. छोट्या जहाजावर रोज संध्याकाळी जेवणाआधी दुसऱ्या दिवसाची माहिती देतात. गाईड नकाशा लावतो, वारा-भरती सांगतो आणि कोण कुठं येणार त्याची यादी करतो. नावं तिथं द्या, तोवर कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला पाणी लागलंय हे कळलेलं असतं. ही बैठक चुकवू नका. पीडीएफपेक्षा तिथं सांगितलेलं खरं.

माझा ठोकताळा असा की रोज एकच सहल, आणि मध्ये एक दिवस एकही नाही. त्या दिवशी बाकीचे उतरतात, जहाज रिकामं असतं, डेकवर खुर्ची मिळते आणि खानसामा गप्पा मारायला मोकळा असतो. कुटुंब मोठं असेल तर सगळ्यांनी एकत्रच जायचा हट्ट सोडा. आपल्याकडे काकांनी हो म्हटलं की काकूंनी, सुनेनं आणि नातवानंही जायचं असतं. जहाजावर तसं करून भागत नाही.

"तुम्ही जावा हो, मी इथं बसते," असं काकू म्हणाल्या तर त्यांना खरंच बसू द्या.

स्वतःहून टॅक्सी करून फिरणार असाल तर जहाजावर परतायची शेवटची वेळ लिहून घ्या. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या खासगी टॅक्सीसाठी थांबत नाही. आणि घड्याळ बदला: सेशेल्स आपल्यामागे दीड तास आहे. मोबाईल आपोआप बदलतो, पण काकांचं मनगटी घड्याळ नाही.

बोट लागण्याची गोळी घेणार असाल तर ती निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. कुठली घ्यायची ते घरच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. गोळीनं झोप येते. त्या सकाळी चढाची सहल नको.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी स्कूबा घेऊ नका. एक डाइव्ह केला असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, जास्त केले असतील तर १८ तास जावे लागतात, नाहीतर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. स्नॉर्कलिंगला ही अडचण नाही. शेवटची सकाळ माहेच्या व्हिक्टोरिया गावातल्या बाजाराला द्या. दालचिनी, व्हॅनिला, सुकी मिरची घ्या. शंख-शिंपले आणि पोवळं उचलू नका, तिथल्या कायद्यानं ते नेता येत नाही. कोको द मेरचं फळ घ्यायचंच असेल तर सरकारी परवान्याच्या कागदासह मिळणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि तो कागद विमानतळावर दाखवायला वर ठेवा. कागद नसेल तर फळ तिथंच ठेवून घेतात.